तोंड फिरवलेला राजा

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. ही म्हण कुणी रचली मला ठाऊक नाही, पण रचणाऱ्याला कुठल्या तरी सोनारानं चांगलाच हात दाखवला असणार. आसेगावात मी पस्तीस वर्षं सोनारकी केली. दागिना परत घेताना तो तळहातावर दोनदा उडवून न पाहणारी एकही बाई मला भेटली नाही. मला राग येई. यायचाच. आणि ज्या एका दिवशी मी खरोखर हातचलाखी केली, भर सभेत, चारशे माणसांच्या डोळ्यांदेखत, त्या दिवशी मात्र कुणाला शंकासुद्धा आली नाही.

ती गोष्ट पाटलांच्या घरातल्या सोन्याच्या मोहोरेची. ज्या वर्षी विलायतेत नवा राजा गादीवर बसला, त्या वर्षी एका गोऱ्या साहेबाची दमणी अडाण नदीच्या चिखलात रुतली. थोरल्या पाटलांनी आपले बैल जुंपून ती ओढून काढली. साहेब खूश झाला. त्याच्या खिशात राज्याभिषेकाची म्हणून पाडलेली एक मोहोर होती, ती त्यानं पाटलांच्या हातावर ठेवली. नदीपासून गाव दोन कोस. तेवढ्या वाटेत साहेबाचा राजा झाला, आणि पाटील गावात शिरले ते "राजानं मोहोर धाडली" असं सांगतच.

मोहोरेच्या एका अंगाला दाढीमिशांचा राजा होता, डोक्यावर मुकुट घातलेला. दुसऱ्या अंगाला नुसता मुकुट, त्याखाली फुली असलेला एक गोळा आणि बाजूला एक दंड. गोळा म्हणजे पृथ्वी आणि दंड म्हणजे हुकूम, असं साहेबानं समजावलं होतं म्हणे. पाटलांनी चोराच्या भीतीनं ती देवघरात ठेवली, टाकांच्या रांगेत. टाक म्हणजे देवाचं रूप ठोकलेले चांदीचे लहान पत्रे. ते गावात मीच करत असे. पाटलीणबाई रोज सगळ्या टाकांना हळद लावायच्या, तर एकालाच वगळायचं कसं, म्हणून राजालाही लागली. दोन-चार वर्षांत त्याचा खंडोबा झाला. मिशा होत्या, मुकुट होता. गोळा ही भंडाऱ्याची वाटी ठरली आणि दंड ही देवाची काठी. फुली कशाची, हे कुणी विचारलं नाही. थोरले पाटील रोज सकाळी तिच्यापुढे डोकं टेकत, ते राजापुढे की देवापुढे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना दोन्ही चालत होते.

थोरल्या पाटलांच्या मोठ्या मुलाची बायको तुळसाबाई. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच साथीत सासूही गेली. मागं राहिला धाकटा दीर पुंजाजी, दहा वर्षांचा. त्याला हिनं जेवू घातलं, मारलं, शाळेत पाठवलं, तापात मांडीवर घेऊन बसली. स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून सगळं याच्यावरच खर्च झालं.

हा पुंजाजी सन तीसला बाविशीचा होता. जंगल सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापायला गेला आणि धरला गेला. शिक्षा झाली. दंड भरला तर सुटका, नाही तर तुरुंग. थोरल्या पाटलांनी सांगून टाकलं, "जो राजाचा वैरी, तो माह्या लेक नाही." तिसऱ्या आठवड्यात तिथून सुटून आलेल्या एका माणसानं तुळसाबाईला गुपचूप निरोप दिला. पुंजाजीनं म्हटलं होतं, "वयनी, इथं उवा हायत. मले रातभर रडू येते. काहीबी कर, पण मले काढ."

भर दुपारी, गाव वावरात गेलेलं असताना, तुळसाबाई माझ्या दुकानात आली आणि पदराआडून ती मोहोर तिनं माझ्यापुढे ठेवली.

"नथ्थू भाऊ, हे मोडा. अन् अशीच दुसरी करून द्या. पितळेची. वरून सोन्याचं पाणी द्या."

मी म्हटलं, "पाटलायले समजलं तं माह्यं दुकान जाळतीन."

"अन् नाही केलं तं माह्यं पोरगं जाते."

मी केलं. का केलं, ते विचारू नका. तीन दिवसांत ठसा कोरला. ठसा उलटा कोरायचा असतो, म्हणजे छाप सुलट येते. हे सोनाराच्या पोटी जन्मलेलं पोर पाळण्यात शिकतं. पण भीतीनं माझा हात असा चालला की मी मोहोरेकडे बघून जसं दिसतं तसंच कोरून बसलो. पितळेवर छाप मारली तर राजा भलत्याच बाजूला बघत होता! पुन्हा कोरायला वेळ नव्हता.

तुळसाबाईनं हातात घेऊन पाहिलं. "यानं तं तोंड फिरोलं की!"

मी कान धरले.

"फिरू द्या," ती म्हणाली. "त्याच्या घरचं सोनं इकून राह्यलो आपण. तो काय आपल्याकडे पाहीन?"

तिच्या भावानं जाऊन दंड भरला. राजाचा दंड राजाच्याच सोन्यानं भरला गेला. मोहोर आपल्या माहेरी गेली म्हणायची. थोरले पाटील पुढं अकरा वर्षं त्या तोंड फिरवलेल्या पितळेपुढे डोकं टेकत राहिले. त्यांना काही कळलं नाही. हळदीखाली सोनं आणि पितळ सारखंच पिवळं. तुळसाबाई मात्र दर रविवारी चिंच आणि राख घेऊन त्याला असं घासायची, की हळूहळू राजाचं नाक गेलं, मग दाढी गेली.

पुंजाजी घरी आला तेव्हा त्यानं वहिनीला विचारलंच नाही की दंड कुठून भरला. पहिल्या वर्षी तो म्हणे, "कोणीतरी भरला अशीन." दुसऱ्या वर्षी म्हणू लागला, "सरकारनं भेऊन सोडलं." स्वराज्य येईपर्यंत गोष्टीत जेलर शिरला होता आणि त्यानं हात जोडून पुंजाजीला फाटकापर्यंत पोचवलं होतं. मी दुकानात बसून हे ऐकत असे आणि फुंकणी फुंकत असे.

सन त्रेपन्नच्या जून महिन्यात हाटेलात पेपर आला. विलायतेत नवी राणी गादीवर बसली होती. तिचा फोटो होता, डोक्यावर मुकुट, एका हातात गोळा, दुसऱ्या हातात दंड. लोक फोटो बघून चाट पडले. एकजण म्हणाला, "अरे, हे तं पाटलाच्या खंडोबाचं सामान हाय!"

झालं. थंडीत सरपंचाची निवडणूक होती आणि पुंजाजी उभा राहणार होता. गावभर चर्चा सुरू झाली की खादीवाल्याच्या देवघरात विलायतेचा राजा पुजतात. पुंजाजी दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर पडला तो तोड घेऊनच. पंधरा ऑगस्टला अकोल्याहून बबनराव येणार होते, जिल्ह्यातले बडे पुढारी. त्यांच्यासमोर, शाळेच्या ओट्यावर, ती राजाची मोहोर वितळवायची! मुकुट, गोळा, दंड, सगळ्याचं पाणी करायचं. वितळवणार कोण? गावात सोनार एकच.

मला बोलावणं आलं. मी पाटलांच्या घरी गेलो तेव्हा देवघराच्या दारात तुळसाबाई पाय रोवून बसली होती आणि पुंजाजी समोर उभा होता.

"वयनी, तो देव नाही वं. इंग्रजायचा राजा हाय तो."

"मंग मागच्या साली पोराच्या तापात तू त्याच्यापुढे नारळ काहून फोडला?"

"मले का मालूम होतं?"

"आता मालूम झालं तं नारळ वापस मांग त्याले."

पुंजाजीची बायको चतुराबाई आत पदर तोंडाला लावून हसत होती. पुंजाजी माझ्याकडे वळला. "नथ्थुजी, तुमी सांगा इले. तुमी टाक करता. हा देव हाय का राजा?"

मी त्या हळदीच्या ढिगाकडे पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला, पृथ्वीएवढा. मी म्हटलं, "घासून घासून चेहरा राह्यला कुठं? आता कोणीबी म्हणा."

"पण सोनं तं हाय ना?" पुंजाजी म्हणाला.

मी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि तुळसाबाई उंबऱ्यावर सांडलेली हळद पुसू लागली. पुंजाजीला वाटलं, आम्ही दोघं अडाणी आहोत.

घरी आलो आणि जेवलो नाही. पितळ शेगडीवर चढलं की हिरवट झाक धरतं, पांढरा धूर सोडतं. लहान पोरालाही कळेल. चारशे माणसं बघणार आणि पहिला प्रश्न एकच, अशी खोटी मोहोर गावात करू शकतो कोण? नथ्थू. मग माझं दुकान, माझं नाव, माझ्या बापाचं नाव, सगळं त्याच मुशीत. खरं सांगावं तर तुळसाबाई चोर ठरते आणि पुंजाजीचा जेलर खोटा ठरतो. मला माझीच भीती जास्त वाटत होती, हे आधी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तीच दुकानात आली. मी चिडलो होतो. म्हटलं, "सांगून टाका ना त्याले! तेवीस वर्सं झाले. राजाबी गेला, पाटीलबी गेले. आता कोणाले भेता?"

ती खाली बसली. "तो खोटं बोलून राह्यला असता ना, नथ्थू भाऊ, तं कवाच सांगतलं असतं. पण त्याले आता ते खरंच वाटते. जेलर त्याच्या सपनात येते हात जोडून. त्याच्यातून कसं काढू त्याले?"

मग तिनं कनवटीची एक चिंधी सोडली. आत तिचं डोरलं होतं, लग्नातलं, आणि एक नथ. पस्तीस वर्षं तिनं ते देवघराच्या पेटीत तळाशी ठेवलं होतं. घालता येत नव्हतं आणि मोडवत नव्हतं.

"मुशीत हे टाका," ती म्हणाली. "पितळ मले वापस द्या. माह्यी पूजा त्याचीच हाय."

मी तराजू काढला नाही. हातावर घेतलं तरी कळत होतं की मोहोरेच्या मानानं हे कमी आहे. मी माझ्या कानातली बाळी काढून त्यात टाकली. सोनाराच्या हाताला सोनं काढायची सवय असते असं लोक म्हणतात. टाकायची नसते, म्हणून ती बाळी काढताना बोटं अडखळली. बायकोला सांगितलं, अंघोळ करताना नदीत पडली. तिनं तीन दिवस नदी शोधली.

आमचं ठरलं ते असं. डोरलं आणि नथ आधीच ठेचून मुशीच्या तळाशी ठेवायची, वरून टाकणखाराची पांढरी पूड भरायची. मोहोर लोकांना दाखवायची, ओल्या फडक्यात पुसायची आणि फडक्यातच ठेवायची. मुशीत टाकल्याचा हात करायचा. त्या क्षणी लोकांची नजर दुसरीकडे पाहिजे. तुळसाबाई म्हणाली, "ते माह्याकडे. मी एक हाक मारीन." आदल्या दिवशी मी त्या पितळेला ताजं सोन्याचं पाणी दिलं. राजाचा दुसरा राज्याभिषेक माझ्याच हातून झाला.

पंधरा ऑगस्टला ओट्यावर झेंडा, खुर्च्या आणि माझी शेगडी. बबनरावांनी मोहोर हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि नेमकी गावच्या बायांसारखी तळहातावर दोनदा उडवली.

"हलकं लागते हो," ते म्हणाले.

तोंड माझं होतं, ते आपोआप चाललं. "राजाच हलका होता, सायेब!"

सगळी सभा हसली. बबनराव सगळ्यात मोठ्यानं हसले आणि मोहोर माझ्या हातात देऊन मोकळे झाले. पुढं भाषणात त्यांनी तो विनोद स्वतःचा म्हणून दोनदा वापरला.

कोळसे लाल झाले. मी मोहोर ओल्या फडक्यात धरली आणि हात मुशीकडे नेला. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून हाक उठली, "माह्या देव गा!"

तुळसाबाईचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. चारशे माना तिकडे वळल्या. मी माझं काम केलं. फडकं मांडीखाली गेलं, मुशीवर झाकण बसलं, मी फुंकणी तोंडाला लावली.

ठरलं होतं एका हाकेचं. पण ती थांबेना. "माह्या देव गा, माह्या धनी गा," म्हणत ती जमिनीवर बसली आणि तिनं डोकं गुडघ्यात घातलं. पस्तीस वर्षांपूर्वी साथीत मढी इतक्या घाईनं नेत होते की नवऱ्यासाठी रडायला तिला कुणी वेळ दिला नव्हता. ते आता चाललं होतं, शाळेच्या ओट्यासमोर, झेंड्याखाली. आणि ज्याच्यासाठी ती रडत होती त्याचंच डोरलं माझ्या फुंकणीनं वितळत होतं. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, धूर.

पुंजाजीला शरम वाटली. तो ओट्यावरून म्हणाला, "वयनी, उठ वं. राजासाठी कायले रडतं?" मग सभेकडे वळून म्हणाला, "पाहा, बंधूंनो, गुलामी अशी असते! घराघरात, मनामनात बसलेली असते!" टाळ्या पडल्या.

मी मूस ओतली. सोन्याची गोळी पाण्यात चर्रकन थंड झाली. अस्सल, पिवळीधमक. बबनरावांनी ती वर धरून दाखवली आणि सांगितलं, हे सोनं आता पापातून मुक्त झालं आहे. हे पुंजाजीसारख्या वीरालाच परत गेलं पाहिजे, पदकाच्या रूपात. पुंजाजीनं तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा कुणी आग्रह केला नसता, म्हणून तिसऱ्यांदाच थोडं हळू म्हटलं.

पदक करायचं काम माझ्याकडेच आलं. एका बाजूला पुंजाजीचा चेहरा ठरला. दुसऱ्या बाजूला काय, यावर आठ दिवस खल चालला. पुंजाजीला विळा हवा होता, ज्यानं त्यानं सरकारी गवत कापलं तो. बबनरावांचा निरोप आला, विळा नको, तो दुसऱ्या पक्षाचा आहे. मग चरखा ठरला आणि बाजूला झेंड्याची काठी. एके दुपारी पुंजाजी दुकानात येऊन बसला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "नथ्थुजी, वरतं काहीतरी पाह्यजे. रिकामं दिसते. मुकुट नाही म्हणून राह्यलो मी."

मी वर टोपी कोरली. मुकुटाच्या जागी टोपी, गोळ्याच्या जागी चरखा, दंडाच्या जागी काठी. या वेळी ठसा नीट उलटा कोरला. पदकावरचा पुंजाजी बरोबर बाजूलाच बघत होता.

सव्वीस जानेवारीला बबनरावांनी ते पदक त्याच्या छातीवर लावलं. त्याला पाटावर बसवलं, पाच बायांनी ओवाळलं, शिंगं वाजली. निवडणुकीत त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. सरपंच झाला. खोटं कशाला बोलू, तसा वाईट झाला नाही, विहीर खोदली त्यानं गावाला. त्या सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी मिरवणूक घरी पोचली तेव्हा मीही होतो. पुंजाजीनं पदक काढलं, डोळ्याला लावलं आणि वहिनीच्या हातात दिलं.

"देवघरात ठेव, वयनी. तुह्या राजाची जागा रिकामी झाली ना. इथं ठेव."

जागा काही रिकामी नव्हती. हळदीच्या ढिगात पितळ होतंच, पण तो कधी आत वाकून बघणारा नव्हता. तो अंगणात हार घालून घ्यायला निघून गेला.

तुळसाबाई दिव्यापुढे बसली. पदक तळहातावर घेऊन तिनं बराच वेळ पाहिलं, एकदाही उडवून पाहिलं नाही. मग अंगठ्यानं टोपीवरून, नाकावरून, मिशीवरून हळूच चोळलं, आणि अंगणातला गलबला ऐकत मला विचारलं,

"नथ्थू भाऊ, ते पितळेचं तोंड पुसाले तेवीस वर्सं लागले. हे कितीक वर्सांत पुसते? खालतं माह्यं डोरलं हाय."

मी म्हटलं, "सोनं हाय, बाई. पितळेपरीस नरम असते. लवकर पुसते."

तिनं मान हलवली, पदक टाकांच्या रांगेत ठेवलं आणि आत चतुराबाईला आवाज दिला, "बाई, चिंच भिजू घाल वं थोडी."